उरलेले तीन पर्याय का चुकले?

एका शेतकऱ्याने मोंढ्यात 12 क्विंटल 5 किलो सोयाबीन विकलं. भाव क्विंटलला 4,400 रुपये. त्याच्या हातात किती रुपये आले? पर्याय चार : (1) 52,800 (2) 52,822 (3) 53,020 (4) 55,000.

परभणी जिल्ह्यातल्या पाचवीच्या लेकराला या प्रश्नातला एकही शब्द परका नाही. मोंढा, भाव, क्विंटल हे तर घरातलंच बोलणं. तरीही वर्गात हा प्रश्न घातला की बरेच हात 55,000 वर वर होतील, कारण 12 क्विंटल 5 किलो म्हणजे 12.5 क्विंटल असं मनात पटकन बसतं. दशांश अपूर्णांकात ते 12.05 आहे. ज्याने 52,800 निवडलं, त्याने पाच किलो हिशेबातून सोडूनच दिले. ज्याने 52,822 निवडलं, त्याने क्विंटलचे हजार किलो धरले आणि किलोचा भाव 4 रुपये 40 पैसे काढला. खरा भाव किलोला 44 रुपये, पाच किलोचे 220, म्हणून उत्तर 53,020.

प्रश्न मी या लेखासाठी बेतला आहे. पण नवोदय, शिष्यवृत्ती आणि पुढच्या सगळ्या बहुपर्यायी परीक्षांत पर्याय असेच तयार होतात. पेपर काढणारा चुकीची उत्तरं उगाच आकडे टाकून लिहीत नाही. मुलं कुठे घसरतात हे त्याला ठाऊक असतं आणि प्रत्येक घसरणीच्या टोकाला तो एक पर्याय ठेवतो. म्हणून आपण काढलेलं उत्तर पर्यायांत सापडलं, एवढ्यावर ते बरोबर ठरत नाही. मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे : उत्तराला गोल केल्यावर, उरलेले तीन पर्याय का चुकले हे सांगता आलं तरच त्या प्रश्नाचा सराव झाला. ते सांगता येत नसेल, तर शंभर प्रश्नपत्रिका सोडवूनही मूल तिथेच राहतं.

ग्रामीण भागात या सरावाला सर्वांत जास्त महत्त्व आलं ते जवाहर नवोदय विद्यालयांमुळे. 1985-86 मध्ये हरियाणातलं झज्जर आणि आपलं अमरावती अशा दोन ठिकाणी ही विद्यालयं प्रयोग म्हणून सुरू झाली. पुढे ती जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. जुन्या परभणीकरांच्या तोंडी नवोदय म्हटलं की वसमतच येतं, कारण 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत वसमत तालुका परभणीतच होता. सहावीच्या प्रवेशाला एका विद्यालयात जास्तीत जास्त 80 जागा असतात. त्यांतल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एकतृतीयांश मुलींसाठी असतात. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. निवड झाली की बारावीपर्यंत शिक्षण, राहणं, जेवण याची सोय होते. एका कुटुंबाचं चित्र बदलायला एवढं पुरतं.

पेपर दोन तासांचा, 80 प्रश्नांचा, 100 गुणांचा. मानसिक क्षमतेचे 40 प्रश्न एका तासात, अंकगणिताचे 20 अर्ध्या तासात आणि भाषेचे 20 अर्ध्या तासात. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सरासरी 90 सेकंद आणि सव्वा गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचं कारण नाही. निम्मे गुण मानसिक क्षमतेचे, आणि हा भाग निव्वळ आकृत्यांचा : वेगळी आकृती ओळखा, मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, घडी घालून छिद्र पाडलेला कागद. वाचायला जवळपास काहीच नसतं. त्यामुळे मराठी शाळेतली मुलगी आणि परभणीतल्या उर्दू शाळेतला मुलगा या भागात अगदी एका रेषेवर उभे असतात.

याच आकृत्यांवर युक्त्यांचा बाजार सर्वांत मोठा आहे. गाईडमध्ये चौकटीत छापलेलं असतं : आरशातलं घड्याळ दिसलं की वेळ 11:60 मधून वजा करा. युक्ती खरी आहे. 4:20 ची प्रतिमा 7:40 दिसते. पण तीच मुलं जलप्रतिमेच्या प्रश्नातही 11:60 मधून वजाबाकी करतात. पाण्यात वरचं खाली जातं, डावं-उजवं मात्र जागच्या जागी राहतं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. दाखवायला वर्गातला एक आरसा पुरतो. तो आधी वहीच्या बाजूला उभा धरायचा, मग वहीच्या खालच्या कडेला.

कागदाच्या घडीचं तर जरूर करून पाहा. वहीचं चौकोनी पान घ्या. एकदा डावीकडून उजवीकडे दुमडा, मग वरून खाली. आता कुठेही मधे कर्कटकाने टोचा आणि उलगडा. चार छिद्रं. इथे पाठ केलेला नियम तयार होतो : दोन घड्या, चार छिद्रं. आता दुसरं पान तसंच दुमडा आणि एका घडीच्या काठावरच टोचा. उलगडल्यावर छिद्रं दोनच. तिसऱ्या पानावर, दोन्ही घड्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर टोचा. छिद्र एकच, पानाच्या मधोमध. घड्या तितक्याच, पण उत्तर चार, दोन आणि एक. तीन पानं स्वतः उलगडलेल्या मुलीला हा प्रश्न पुढे कितीही फिरवून विचारा, ती आधी विचारेल : टोचलं कुठे? नियम पाठ केलेला मुलगा घड्या मोजत बसेल.

अशा चाचण्यांची मूळ कल्पना फ्रान्समधली. आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये थिओडोर सिमॉन यांच्या सोबत पॅरिसच्या मुलांसाठी पहिली चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना जादा मदत देण्यासाठी त्यांना हुडकायचं, हा तिचा हेतू होता. मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी ती बसवण्याचं मोठं काम 1930 च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला केलं. आपल्याकडे ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा विषय पुढे शाळेच्या वेळापत्रकापर्यंत आला, पण बिने यांचं एक म्हणणं वाटेत हरवलं. बुद्धी जन्मतः ठरून गेलेली असते, हे त्यांना मान्य नव्हतं. 1909 च्या पुस्तकात त्यांनी या मताला कडाडून विरोध केला आणि लक्ष, स्मरण, निर्णय हे सरावाने वाढतात असं मांडलं. ‘याचं डोकंच चालत नाही’ असं लेकरासमोर म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाला हे सांगायला हवं.

पाचवी संपली म्हणून हा विषय सुटत नाही. आठवीत एनएमएमएस ही राष्ट्रीय शिष्यवृत्तीची परीक्षा येते. तिच्यात बौद्धिक क्षमतेचे 90 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. 2025-26 पर्यंत आठवीत होणाऱ्या राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत तर काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही नोंदवावे लागायचे. तिथे एक बरोबर उत्तर सापडताच पुढे सरकणारा मुलगा हमखास अडकायचा. पदवीनंतर एमबीएच्या सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे एकाला 45 सेकंद.

बारावीनंतर विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा असते. छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा दरवाजाही तीच. क्लॅटमध्ये 120 प्रश्न 120 मिनिटांत येतात आणि चुकीला पाव गुण कापला जातो. इथे पर्याय खोडण्याची किंमत आकड्यातच दिसते. डोळे मिटून 16 प्रश्नांना गोल केले, तर सरासरी 4 बरोबर येतील आणि 12 चुकतील. 12 चुकांचे 3 गुण जातील, हाती राहील 1. आता त्याच 16 प्रश्नांत प्रत्येकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे ओळखता आलं आणि उरलेल्या दोनांतून अंदाजाने निवडलं, तर सरासरी 8 बरोबर, 8 चूक. 2 गुण गेले, हाती 6. बरोबर उत्तर माहीत नसतानाही सहापट फायदा झाला, तो केवळ चूक कशी ओळखायची हे माहीत असल्यामुळे.

तर्काच्या प्रश्नांत मुलं गोंधळतात, त्याला बहुतेक वेळा त्यांच्याकडे असलेली माहिती कारणीभूत असते. एक विधान घ्या : ‘येलदरी धरणाचे दरवाजे उघडण्यात येणार असल्याने पूर्णा नदीकाठच्या गावांनी सावध राहावे.’ यात कोणती गोष्ट गृहीत धरली आहे? एक, दरवाजे उघडल्यावर नदीची पातळी वाढू शकते. दोन, काठावरची सगळी गावं पाण्याखाली जातील. जिंतूर तालुक्यातल्या ज्या मुलाने पूर डोळ्यांनी पाहिला आहे, तो दोन्हींना हो म्हणतो. त्याचा अनुभव खरा असतो, पण विधानात तेवढं नसतं. इथे एक साधी कसोटी लावता येते. गृहीतक उलटं करून पाहायचं. ‘दरवाजे उघडल्यावर पातळी वाढू शकत नाही’ असं धरलं, तर इशाऱ्याला अर्थच उरत नाही. म्हणजे पहिलं गृहीत धरलेलंच आहे. ‘सगळी गावं पाण्याखाली जाणार नाहीत’ असं धरलं, तरी सावध राहा हा इशारा तसाच उभा राहतो. म्हणजे दुसरं गृहीत धरलेलं नाही. हीच कसोटी नेत्याच्या भाषणाला आणि बियाण्याच्या जाहिरातीलाही लावता येते. मला तर वाटतं, तिथे ती जास्त लावायला हवी.

संख्यांच्या सरावासाठीही वेगळं पुस्तक घ्यायची गरज नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत धरणांचा साठा येतो, वर्षभर बाजारभाव येतात. समजा, एखाद्या धरणाचा साठा मागच्या रविवारी 40 टक्के होता आणि आज 50 टक्के आहे. वाढ किती? घरातली मोठी माणसंही 10 टक्के म्हणतील. धरणाच्या पूर्ण क्षमतेशी तुलना केली तर 10 बरोबर. मागच्या रविवारी होतं त्या पाण्याशी तुलना केली तर वाढ 25 टक्के. ‘कशाचे टक्के?’ हा एक प्रश्न विचारायची सवय लागली, तर व्याज, नफा-तोटा आणि तक्त्यांवरच्या प्रश्नांची निम्मी भीती जाते.

घरी किंवा शाळेत सराव कसा घ्यायचा? मी तर असं सांगेन : दिवसाला पाचच प्रश्न, पण पुरते. सोडवण्याआधी उत्तराचा अंदाज बोलून दाखवायचा. सोयाबीनच्या प्रश्नात 12 क्विंटलचे 52,800 होतात हे एकदा दिसलं, की पाच किलोसाठी वर 2,200 रुपये देणारा 55,000 हा पर्याय तिथेच गळतो. नंतर प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे, तो निवडणाऱ्याने काय केलं असेल हे एका ओळीत लिहायचं. पुढची पायरी मुलांना फार आवडते : एका गटाने प्रश्न तयार करायचा आणि दुसऱ्या गटाला फसवतील असे तीन पर्याय द्यायचे. चांगला फसवा पर्याय तयार करायला गणित नीट समजलेलं असावं लागतं. घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवणं हे शेवटच्या काही आठवड्यांचं काम. सुरुवातीपासून वेग मागितला की मुलं अंदाजाने गोल करायला शिकतात, आणि ती खोड पुढे सुटत नाही.

यातलं काहीही करायला शिकवणीसाठी लातूर गाठावं लागत नाही. फळा, जुने पेपर, एक आरसा आणि वहीची पानं जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत आहेत. अडचण वेगळीकडे आहे. 2025 साली नवोदयची परीक्षा दोनदा झाली, पुढच्या दोन शैक्षणिक वर्षांसाठी : 18 जानेवारीला आणि 13 डिसेंबरला. दोन्ही तारखा ऊसतोडीच्या ऐन हंगामातल्या. गंगाखेड, पालम भागातली कुटुंबं दिवाळीच्या मागेपुढे गाव सोडतात. जे लेकरू पाचवीत आहे, ज्याने अर्ज भरला आहे, ज्याचा सराव रंगात आला आहे, तेही कोयत्यामागे फडावर जातं आणि परीक्षेच्या दिवशी त्याचा बाक रिकामा राहतो. त्याचं डोकं कमी पडलेलं नसतं. पुढच्या वर्षी पुन्हा बसायची सोयही नाही.

मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला म्हणूनच विनंती आहे. नवोदयच्या अर्जाला पैसा लागत नाही आणि गेली काही वर्षं अर्ज पावसाळ्यात भरले जात आहेत. त्याच वेळी पाचवीतल्या कोणत्या मुलांचे आईवडील तोडीला जाणार आहेत, त्याची यादी करा. त्या मुलांची नावं हंगामी वसतिगृहासाठी वेळेत द्या, किंवा आजी-आजोबांशी बोलून त्यांना गावातच ठेवा. आणि त्यांचा सराव दिवाळीनंतर नको, शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यापासून घ्या.