घसा काढल्यावर नवी वाट कशाची?



मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, वह्या मिटल्या, तरी एक ताई जागच्या उठेनात. त्यांच्या मालकांना घशाचा कॅन्सर आहे. म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात घसा काढावा लागेल, आणि तिथं छातीचं मांस लावू. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मांडीचं लावलंय. आपण गरीब, म्हणून आपल्याला हलकं काम करतात का?" सहीचा कागद पिशवीत होता, पण सही कशावर करायची तेच त्यांना कळत नव्हतं. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी काय काढतात ते बघू. घशात दोन वाटा असतात, एक श्वासाची आणि एक अन्नाची. त्या जिथं वेगळ्या होतात तिथं आपलं स्वरयंत्र असतं. गाठ लहान असेल तर पुष्कळदा रेडिएशननं, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो त्यानं, किंवा सोबत केमो देऊन स्वरयंत्र वाचवता येतं. गाठ फार वाढली असेल किंवा शेक देऊनही परत आली, तर स्वरयंत्र आणि त्यामागची अन्नाची वाट काढावी लागते. श्वासासाठी गळ्याच्या खालच्या बाजूला कायमचं भोक ठेवतात. अन्नाची वाट पुरेशी उरली असेल तर तिच्याच कडा शिवतात. नाहीतर ती नव्यानं बांधावी लागते. त्याचे मुख्य चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग छातीचा. छातीच्या स्नायूचा तुकडा कातडीसकट उचलतात, पण त्याची रक्तवाहिनी तोडत नाहीत. तसाच कातडीखालून वळवून गळ्यात आणतात. दोडक्याचं मूळ जागेवर ठेवून आपण वेल मांडवावर वळवतो ना, तसंच. १९७९ पासून ही पद्धत जगभर वापरतात. ऑपरेशनला वेळ कमी लागतो आणि अशक्त माणसालाही ते झेपतं. पण तुकडा जाड असतो. ठिगळ म्हणून चांगला बसतो, पूर्ण नळी वळायला मात्र अवघड जातो. बाईला केलं तर स्तनाचा आकार बदलतो, आणि खांद्याचा जोर थोडा कमी होतो. हे आधीच विचारून घ्या.

दुसरा मार्ग हाताचा किंवा मांडीचा. ही आपली भाताची आवणी समजा. रोप एका जागेवरून काढायचं आणि दुसऱ्या खाचरात लावायचं. मनगटाच्या वरची किंवा मांडीची कातडी रक्तवाहिनीसकट पूर्ण सोडवून घेतात आणि गळ्यातल्या रक्तवाहिन्यांना भिंगाखाली जोडतात. हाताची कातडी पातळ असते, छान वळते, पण हातावर दुसरीकडची कातडी लावावी लागते. म्हणून बहुधा कमी वापराचा हात निवडतात. मांडीची जखम बहुतेकदा सरळ शिवता येते, पण अंगानं जाड माणसाची कातडी जाड निघते. ऑपरेशन आठ-दहा तासही चालतं. पहिले काही दिवस रक्त नीट फिरतंय का हे पुन्हा पुन्हा तपासतात, कारण रक्त गोठलं तर लगेच परत ऑपरेशनला न्यावं लागतं. अनुभवी ठिकाणी शंभरातली नव्वदपेक्षा जास्त रोपं लागतात.

तिसरा मार्ग लहान आतड्याचा. ती मुळातच ओलसर, तयार नळी असते. तीही आवणीसारखीच लावतात. मात्र त्यासाठी पोट उघडावं लागतं, आणि पुढं आवाज ओला, घरघरता येतो.

चौथा मार्ग जठराचा. रोग खाली पसरल्यामुळं सगळी अन्ननलिकाच काढावी लागली, तर जठर वर ओढून गळ्यात जोडतात. हे सगळ्यांत मोठं ऑपरेशन, धोकाही जास्त. नंतर थोडं थोडं, पुष्कळ वेळा खावं लागतं. जेवून लगेच आडवं झालं तर अन्न वर येतं.

मग यातलं चांगलं कोणतं? सगळ्यांना सारखं असं काही नाही. किती भाग काढला, आधी शेक झालाय का, आणि माणसाची ताकद किती, यावर ते ठरतं. शेक झालेलं मांस उशिरा भरतं. टाके सुटले तर लाळ मानेतून गळते. अशा वेळी छातीचा जाड स्नायूच टाक्यांवर पांघरूण म्हणून उपयोगी पडतो. म्हणजे छातीचं मांस हे हलकं काम नव्हे. पण एक खरं, भिंगाखाली रक्तवाहिन्या जोडणारे डॉक्टर सगळीकडं नसतात. म्हणून कारण विचारायचं.

सही करण्याआधी पाच प्रश्न विचारा. किती भाग काढणार? तुकडा कुठून घेणार आणि तिथूनच का? ज्या जागेवरून घेणार तिथं पुढं काय त्रास होईल? तोंडानं कधी खाता येईल? बोलण्याची सोय काय?

खाण्याचं म्हणाल, तर सुरुवातीला नाकातल्या नळीनं द्रव जेवण देतात. टाके भरले याची खात्री झाली की तोंडानं घोट देतात. पुढं वाट आकसली तर ती रुंद करावी लागते. बोलण्यासाठी श्वासनलिका आणि नवी वाट यांच्यामध्ये छोटी झडप बसवता येते, किंवा गळ्याला लावायचं बॅटरीचं यंत्र मिळतं. गळ्याच्या भोकावर पातळ कापड ठेवा. चुलीचा धूर, भात झोडताना उडणारा भुसा आणि अंघोळीचं पाणी आत जाऊ देऊ नका. नदीत, विहिरीत पोहणं बंदच.

पैशाचं म्हणाल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करा. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून कॅन्सरवरच काम करतंय. राजूरहून घोटीमार्गे कसाऱ्याला गेलं की पुढं लोकल आहे.

आणि मैत्रिणींनो, हा फक्त बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा रोग नाही. आपली मिश्रीही तंबाखूच आहे. अंगात रक्त फार दिवस कमी राहिलं तर काही बायकांच्या घशात पातळ पडदा धरतो, घास अडकतो आणि पुढं तिथं कॅन्सरचा धोका वाढतो. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला, घास अडकायला लागला, मानेत गाठ आली किंवा एकाच बाजूचा कान दुखत राहिला, तर काढा पीत बसू नका, दवाखाना गाठा.

त्या ताई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या आणि प्रश्न विचारले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मालकांना आधी शेक झालेला, दम लागतो, आणि घशाची एक बाजू शाबूत राहणार आहे, म्हणून छातीचं ठिगळ. ताईंना पटलं, मग त्यांनी सही केली.

तुम्हीही विचारा. एकटीला धीर होत नसेल तर गटातली एक जण सोबत न्या.