आधीं विचारावें, मग करावें

उतारवयांत नवी विद्या आरंभावी कीं नाहीं, याविषयीं आमच्या घरांत दोन पक्ष आहेत. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, पेन्शन घेणाऱ्या माणसानें सकाळीं फिरावयास जावें, दुपारीं पोथी वाचावी आणि सायंकाळीं नातवंडांचा अभ्यास घ्यावा. दुसऱ्या पक्षांत मी आणि माझी थोरली नात अशीं दोघेंच आहों. नात अभियांत्रिकी महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षांत शिकते. गेल्या पावसाळ्यांत तिच्याकडून संगणकास आज्ञा लिहून देण्याची जी अल्पस्वल्प विद्या मीं संपादन केली, तिचा वृत्तांत येथें देत आहें. ती शिकतांना माझ्या हातून एक चूक घडली व ती भरून येण्यासारखी नाहीं. तीहि सांगणार आहें. कारण माझ्यासारख्या नवशिक्यास उपयोग होईल तो तिचाच अधिक.

प्रसंग असा. आमचे तीर्थरूप नित्यनेमानें रोजनिशी लिहीत असत. त्या वह्या गांवच्या घरीं माळ्यावर पडून होत्या. गेल्या वर्षीं माळा उतरविला, तेव्हां त्यांस वाळवी लागलेली आढळली. पान उलटावें तों त्याचे तुकडे हातांत यावे. नातीनें दोन दिवस खपून, जेवढीं पानें वाचण्याजोगीं उरलीं होतीं तेवढ्यांचीं मोबाईलवर छायाचित्रें घेतलीं. तीं ६१२ भरलीं. उरलेला भुगा आम्हीं नदींत विसर्जित केला. छायाचित्रें लॅपटॉपवर उतरवून घेतलीं आणि मोबाईलमध्यें जागा पुरेना म्हणून तेथलीं पुसून टाकलीं.

आतां प्रत्येक छायाचित्रास मोबाईलनें दिलेलें नुसतें क्रमांकाचें नांव होतें. त्या जागीं पानावरील तारीख घालावी, म्हणजे हवें तें पान सांपडेल, असा माझा विचार. पंधरावीस नांवें हातानें बदलतां बदलतां मी कंटाळून गेलों. तें पाहून नात म्हणाली, "आजोबा, हें काम यंत्राला सांगा ना. तें एकेक पान उघडून दाखवील, तुम्हांला तारीख विचारील आणि नांव बदलून ठेवील."

"यंत्र मला विचारील?"

"तुम्हीं त्याला विचारायला शिकवलंत, तर विचारील."

छत्तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत घालविलेल्या माणसास याहून मोठें आमंत्रण तें कोणतें!

प्रथम थोडा इतिहास. अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेमध्यें केन टॉम्प्सन, डेनिस रिची प्रभृतींनीं १९६९ सालीं 'युनिक्स' नामक संगणकप्रणालीस आरंभ केला. अशा प्रणालीचा जो गाभा असतो, त्याच्याशीं आपला प्रत्यक्ष संबंध येत नाहीं. त्याच्या भोंवतीं एक कवच असतें. तें आपण टंकलेले शब्द वाचतें, त्यांचा अर्थ लावतें आणि काम करवून घेतें. म्हणून त्यास 'शेल' हें नांव पडलें. स्टीफन बोर्न यांनीं रचलेलें कवच १९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आलें. पुढें १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांनीं ग्नू प्रकल्पासाठीं त्याच वळणाचें नवें कवच लिहून त्यास 'बॅश' म्हणजे 'बोर्न अगेन शेल' असें श्लेषात्मक नांव दिलें. बोर्न यांचें कवच पुन्हां, आणि पुन्हां जन्मास आलेलें, असे दोन्ही अर्थ त्यांत आहेत. पुनर्जन्म झाला तो द्विज, या न्यायानें हें कवच मुंजीवांचूनच द्विज झालें, असें मीं म्हणतांच नात पोट धरून हंसली. माझ्या लॅपटॉपवर तिनें लिनक्स घालून दिलें होतें. त्यांत हेंच कवच आहे.

आपण ज्या आज्ञा एकामागून एक टंकणार, त्या एका साध्या मजकुराच्या फाईलमध्यें ओळीनें लिहून ठेवल्या कीं झाली 'शेल स्क्रिप्ट'. टर्मिनल उघडून 'बॅश' हा शब्द व पुढें त्या फाईलचें नांव टंकलें, कीं ओळी वरून खालीं पाळल्या जातात. आज्ञांचे शब्द रोमन अक्षरांतच लिहावे लागतात. येथें मी त्यांचे उच्चार देत आहें. माणसास उद्देशून असलेला मजकूर मात्र मराठींत लिहिलेला चालतो, आणि उत्तरहि मराठींत देतां येतें.

अशा फाईलच्या आरंभीं हॅशचें चिन्ह, उद्गारचिन्ह आणि बॅश जेथें असतें तेथला पत्ता, अशी एक ओळ लिहिण्याचा प्रघात आहे. हॅशनें सुरू होणारी ओळ कवचाच्या दृष्टीनें नुसती टीप होय. परंतु फाईल स्वतंत्रपणें चालविली असतां, तिचा अर्थ कोणीं लावावयाचा हें प्रणालीस या पहिल्या ओळीवरूनच कळतें. मी तिला मंगलाचरण म्हणूं लागलों. त्यानंतर दोन आज्ञा आल्या कीं संभाषण सुरू होतें. 'एको' ही आज्ञा पुढील शब्द पडद्यावर उमटविते. 'रीड' ही थांबते, माणसानें टंकलेली ओळ घेते आणि आपण सांगितलेल्या नांवाच्या डब्यांत ठेवते. पुढें डब्यांतील वस्तु हवी असेल तेव्हां नांवाआधीं डॉलरचें चिन्ह लिहावें. नुसतें नांव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. डॉलरसहित नांव म्हणजे आंतला जिन्नस. माझी पहिली स्क्रिप्ट चार ओळींची होती. तिनें माझें नांव विचारलें आणि मला नमस्कार केला. मी सबंध घरास बोलावून तें दाखविलें. विरुद्ध पक्षानेंहि चहाचा पेला बाजूस ठेवून तें पाहिलें.

पुढें अडचणी येऊं लागल्या. डब्यांत आपण होऊन कांहीं ठेवावयाचें तर मध्यें बरोबरचें चिन्ह येतें. शाळेंत गणित लिहितांना त्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंस जागा सोडण्याची मला संवय. तशी सोडतांच कवचानें डब्याचें नांव हीच आज्ञा समजून, अशी आज्ञा सांपडत नाहीं, असें उत्तर दिलें. तेथें जागा सोडावयाची नसते.

दुसरी अडचण मला अधिक रंजक वाटली. मीं तारीख टंकली '१२ जुलै १९६१'. यंत्राची तक्रार आली कीं, '१९६१' हें फोल्डर नव्हे. मीं फोल्डरचें नांवहि काढलें नव्हतें! नातीनें उलगडा केला. नांव बदलण्याची आज्ञा 'एमव्ही'. तिला जुनें नांव व नवें नांव अशीं दोन पदें द्यावयाचीं. परंतु कवच मोकळी जागा दिसली कीं तेथें पद तोडतें. त्यामुळें माझ्या एका नांवाचीं तीन पदें झालीं. आणि दोहोंहून अधिक पदें मिळालीं, तर शेवटचें पद हें फोल्डर असून बाकीचीं त्यांत हलवावयाचीं, असा 'एमव्ही'चा नियम आहे. उपाय एवढाच कीं, डॉलरसहित नांव दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावें. मग आंत कितीहि शब्द असोत, कवच त्यांस एकच पद मानतें.

"अगं, हा तर समास!" मी ओरडलों. समास झाला कीं अनेक पदांचें एक पद होतें. येथें अवतरणचिन्हें तेंच कार्य करतात. त्या दिवसापासून अवतरणचिन्ह विसरलों असा प्रसंग आला नाहीं.

शेवटीं 'फॉर' हा शब्द वापरून, मोबाईलच्या क्रमांकाचें नांव असलेल्या प्रत्येक फाईलसाठीं 'डू' पासून 'डन' पर्यंतचीं कामें पुनः पुन्हां करावीं, अशी योजना केली: पान उघडावें, तारीख विचारावी, नांव बदलावें. नात परीक्षेसाठीं वसतिगृहावर गेली होती. आपलें आपणच जमलें या आनंदांत मी रोज सकाळीं बसूं लागलों. पानें वाचीत बसलों तर काम संपणार नाहीं म्हणून केवळ तारीख पाहावयाची, मजकूर सावकाश वाचावयाचा, असें ठरविलें होतें. आठव्या दिवशीं काम संपलें. फाईली मोजल्या, त्या ६११ निघाल्या.

कोणतें पान गेलें हें शोधावयास दोन दिवस लागले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, खडकवासल्याचेंहि फुटलें आणि पुण्यांत मुठेचें पाणी शिरलें. तीर्थरूप तेव्हां नारायण पेठेंत बिऱ्हाड करून राहात होते. माझा जन्म पुढच्या वर्षींचा. एरव्हीं दिवसास एक पान लिहिणाऱ्या माणसानें त्या तारखेस दोन पानें लिहिलीं होतीं. दुसऱ्या पानावर तारीख नव्हती. परंतु तें मागल्या पानाचा पुढील भाग होय हें ओळखून मीं त्यासहि तीच तारीख दिली. एकाच नांवाचीं दोन पानें होऊं पाहतांच 'एमव्ही'नें पहिलें पान काढून त्या जागीं दुसरें ठेविलें. तिनें मला विचारलें नाहीं, कारण विचारावें असें मीं तिला सांगितलें नव्हतें. पुसलेलें परत मिळविण्याचे जे उपाय नातीस ठाऊक होते, ते तिनें करून पाहिले. कशानेंहि यश आलें नाहीं.

उरलेलें पान मध्येंच सुरू होतें: "म्हणून देव्हाऱ्यांतले देव पदरांत घेऊन ती पुढें आणि मी मागें, असे गच्चीवर गेलों." त्या 'म्हणून'च्या आधीं काय होतें, तें मीं डोळ्यांसमोर असूनहि वाचलें नाहीं.

स्क्रिप्ट पुढें दुरुस्त केली, तीहि सांगतों. तारीख मिळाल्यावर 'इफ' लिहावें आणि चौकटी कंसांत, त्या नांवाची फाईल आधींच आहे काय, अशी परीक्षा करावी. त्यासाठीं आडवी रेघ व 'ई' हें अक्षर योजतात. उघडणारा कंस ही वस्तुतः स्वतः एक आज्ञाच आहे. म्हणून त्याच्यापुढें मोकळी जागा अवश्य सोडावी, आणि मिटणाऱ्या कंसाआधींहि. 'देन' नंतर "या तारखेचें पान आधींच आहे, दुसरें नांव द्या" असें सांगून पुन्हां 'रीड' घालावें, शेवटीं 'इफ'चीं अक्षरें उलटीं करून 'फाय' लिहून प्रकरण मिटवावें, आणि नांव बदलण्याचें नेहमीचें काम त्यानंतर लिहावें. ही उलट लेखनाची तऱ्हा बोर्न यांनीं अल्गोल ६८ या भाषेवरून घेतली. शिवाय 'एमव्ही'पुढें आडवी रेघ व 'आय' लिहिलें, कीं दुसऱ्या खेपेसहि तेंच नांव पडल्यास ती पुसण्यापूर्वीं आपण होऊन विचारते. दोन अक्षरांचें काम. मला त्याची किंमत उशिरां कळली. आणि या सर्वांच्याहि आधीं, सगळ्या फाईलींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं काढून ठेवावी.

वर्गांत मी विचारीत असें ते प्रश्न असे कीं ज्यांचीं उत्तरें मला आधींच पाठ असत. स्क्रिप्ट लिहिणारास मात्र उलट बाजूनें विचार करावा लागतो: समोरचा माणूस काय उत्तर देईल, रिकामेंच बटण दाबील काय, दिलेलेंच नांव पुन्हां देईल काय. जें परत फिरवितां येत नाहीं, त्याच्या अगोदर एक प्रश्न ठेवावा, एवढी गोष्ट मी या वयांत शिकलों. ज्यांना घरांत आरंभ करावयाचा असेल त्यांनीं औषधांच्या वेळा विचारणारी, वाणसामानाची यादी टिपून घेणारी अशी पांचसहा ओळींची स्क्रिप्ट लिहावी. चुकली तरी कांहीं बिघडत नाहीं, अशा जागींच पहिल्या चुका कराव्या.

गेल्या महिन्यांत मीं दादांना विचारलें. पुराच्या दिवशीं ते सहा वर्षांचे होते. 'म्हणून'चें कारण त्यांना सांगतां आलें नाहीं. गच्चीचा जिना चढतांना आईच्या पदरांत पितळेचे देव एकमेकांवर आपटून वाजत होते, एवढें त्यांच्या कानांत राहिलें आहे. तें मीं निराळ्या फाईलमध्यें लिहून त्या पानाशेजारीं ठेविलें. नांव देतांना यंत्रानें विचारलें, तेव्हां मीं निराळें नांव दिलें.