दिलेला प्राण परत घेणारा नायक

जगभरच्या पुराणकथा, लोककथा आणि धर्मकथा एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत, असं अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली आपल्या ग्रंथात मांडलं. नायकाला हाक येते, तो ओळखीचं जग सोडतो, वाटेत त्याला गुरू आणि सोबती भेटतात, तो मरणाच्या दारातून जातो, आणि जे कमावलं ते घेऊन आपल्या माणसांत परततो. प्रस्थान, परीक्षा आणि परती हे तीन मोठे टप्पे, त्यांच्या पोटात मिळून सतरा पायऱ्या. जॉर्ज लुकस यांनी १९७७च्या 'स्टार वॉर्स'साठी कॅम्बेल यांचं ऋण मान्य केलं आणि पुढे हॉलिवूडमध्ये हा सांगाडा पटकथेचं जवळपास पाठ्यपुस्तकच होऊन बसला. डेव्हिड लीन यांचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' त्याच्या कितीतरी आधीचा, १९६२चा. तरीही हा साचा इतक्या पूर्णपणे वापरणारा आणि इतक्या निर्दयपणे उलटवणारा दुसरा ऐतिहासिक चित्रपट दाखवणं कठीण आहे. ही उलटापालट होते ती एका दुय्यम पात्राच्या जिवावर, आणि चित्रपटाची सगळी नैतिक ताकद तिथेच आहे.

पहिल्या महायुद्धात तुर्की साम्राज्याविरुद्ध अरबांनी १९१६ साली उठाव केला. कैरोच्या ब्रिटिश लष्करी कचेरीत नकाशे रंगवत बसलेल्या लेफ्टनंट टी. ई. लॉरेन्सला उठावाचा अंदाज घ्यायला वाळवंटात धाडलं जातं, इथून प्रवास सुरू होतो. हातातली जळती काडी तो फुंकतो आणि पुढच्याच क्षणी पडदाभर वाळवंटाची पहाट उगवते. ॲन कोट्स यांच्या संकलनातला हा बदल सिनेमाच्या अभ्यासक्रमांत आजही दाखवला जातो. ओळखीचं जग संपून अनोळखी जग सुरू होण्याचा उंबरठा याहून थोडक्यात ओलांडता येणार नाही. मग विहिरीवर मृगजळातून प्रकट होणारा शरीफ अली, तंबूत वाट पाहणारा अमीर फैसल, आणि नफूदचं वाळवंट ओलांडून अकाबा बंदरावर मागच्या बाजूने चालून जाण्याची कल्पना. सगळं कॅम्बेल यांच्या क्रमाने येतं. अर्थात क्रम जुळतो एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. सतरा पायऱ्या आणि त्याही पाहिजे तेव्हा गाळायची मुभा असेल, तर हा साचा कोणत्याही गोष्टीला चढवता येतो, हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. म्हणून पायऱ्या मोजत बसण्यात अर्थ नाही. पटकथेने त्या पायऱ्यांवर काय घडवलंय, ते पाहायला हवं.

नफूद ओलांडताना रात्रीत कासिम नावाचा एक माणूस उंटावरून पडतो. पहाटे त्याचा रिकामा उंट तेवढा दिसतो. मागे वळणं म्हणजे मरणं, त्याच्या कपाळी हेच लिहिलं होतं, असं सोबतचे अरब म्हणतात. लॉरेन्स ते मानत नाही आणि एकटा मागे फिरतो. उन्हाच्या भट्टीत कासिम चालतोय, अंगावरची एकेक वस्तू टाकत. इकडे वाळवंटाच्या कडेला दाऊद हा पोरगा उंटावर बसून क्षितिजाकडे डोळे लावून आहे. दूरवर एक ठिपका उमटतो, हळूहळू वाढतो, आणि लॉरेन्स कासिमला पाठीशी घेऊन परततो. नियतीला हरवून आलेल्या त्या माणसाला अरब आपला मानतात, त्याचा खाकी गणवेश जाळून टाकतात आणि त्याला पांढरा झगा देतात. त्या झग्यात तो एकटाच धावतो, वाळूवरची आपली सावली पाहतो, खंजिराच्या पात्यात आपलं रूप न्याहाळतो. प्रेक्षक इथे पुरता त्याचा झालेला असतो. पण अकाब्यावरच्या हल्ल्याच्या आदल्या रात्री तळावर खून होतो. दोन टोळ्यांत रक्ताचं वैर पेटणार, सगळी मोहीम फुटणार. खुन्याला मारायचं तर ज्याला टोळीच नाही अशा माणसाने मारायला हवं, म्हणून लॉरेन्स पुढे होतो. पिस्तूल रोखून तो बांधलेल्या माणसाला मान वर करायला सांगतो. तो कासिम असतो. आय. एस. जोहर यांनी ही भूमिका केली आहे. 'जोहर-मेहमूद इन गोवा'सारख्या चित्रपटांमुळे आपल्याकडे विनोदी म्हणूनच लक्षात राहिलेला हा नट इथे जवळजवळ न बोलता, फक्त नजरेने सगळा प्रसंग पेलतो. गोळ्या सुटतात. आपणच वाचवलेला माणूस लॉरेन्सने मारला हे कळल्यावर टोळीप्रमुख औदा शांतपणे म्हणतो की मग ते लिहिलेलंच होतं. त्याहून भयंकर ते पुढे येतं. जनरल ॲलनबीसमोर लॉरेन्स कबूल करतो की त्या मारण्यात त्याला सुख वाटलं.

इतिहासाचे जाणकार इथे हरकत घेतील आणि ती रास्त आहे. लॉरेन्सच्या आठवणींच्या ग्रंथात कासिमला वाचवल्याचा प्रसंग आहे, टोळ्यांतलं वैर टाळण्यासाठी एका माणसाला गोळी घातल्याचाही आहे. पण तो माणूस वेगळा होता, आणि ती घटना अकाब्याच्या मोहिमेआधी, १९१७च्या मार्चमध्ये घडल्याचं तो लिहितो. पटकथाकार रॉबर्ट बोल्ट आणि मायकेल विल्सन यांच्या हाती आलेल्या दोन सुट्या घटना पडद्यावर एकाच माणसाच्या माथी आल्या. हा खोटेपणा म्हणायचा का? लॉरेन्सने एकाला वाचवलं आणि दुसऱ्याला मारलं, या दोन्ही गोष्टी त्याच्याच शब्दांत नोंदलेल्या आहेत. त्या जोडून पटकथेने त्याच्या नावावर न केलेलं पुण्य चढवलं नाही की न केलेला गुन्हाही लादला नाही. नायकाने मिळवलेलं देणं त्याच्याच हातून परत जातं, हे मात्र या जोडणीशिवाय दिसलं नसतं.

मध्यंतरानंतरचा चित्रपट या एका गाठीतून उलगडत जातो. दरा गावी तुर्कांच्या हाती लागून विटंबना होते, तफासजवळ माघार घेणाऱ्या तुर्की सैन्याची कत्तल होते, आणि लॉरेन्स पुन्हा खंजिराच्या पात्यात पाहतो तेव्हा तिथे रक्ताने माखलेला चेहरा असतो. सांगाड्याप्रमाणे मग परती यायला हवी. इथे कोणी म्हणेल की परती नाकारणं हीसुद्धा कॅम्बेल यांच्या यादीतली एक पायरीच आहे, मग साचा मोडला कुठे? कॅम्बेल तिथे दाखला देतात तो मुचुकुंदाचा. देवांसाठी लढून थकलेला, गुहेत युगानुयुगं झोपलेला, कालयवनाला नजरेने भस्म करणारा आणि कृष्णदर्शनानंतर लोकांत न राहता तपाला निघून जाणारा राजा. मुचुकुंद पाठ फिरवतो, कारण त्याला लोकांपेक्षा मोठं काही सापडलेलं असतं. लॉरेन्सला काहीच सापडलेलं नाही, आणि पाठही त्याने फिरवलेली नाही. दमास्कसमध्ये ॲलनबी आणि फैसल वाटाघाटीला बसतात, दोघांनाही आता त्याची गरज नसते, त्याला बढती देऊन घरी पाठवलं जातं. जायचं कोणत्या घरी, हे तो सांगू शकत नाही. खऱ्या लॉरेन्सचं पुढचं आयुष्य याला साक्ष देतं. १९२२मध्ये तो खोट्या नावाने हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला, नंतर शॉ हे नाव घेतलं, आणि १९२७ ते १९२९ या काळात आधी कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, आणि मग मीरानशाहच्या ठाण्यावर राहिला. १९३५ साली मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. चित्रपट सुरू होतो तो त्याच अपघातापासून, त्यामुळे त्याच्या विजयाकडे आपण मुळातच एका मेलेल्या माणसाचा विजय म्हणून पाहत असतो.

सगळ्यात जड आक्षेप अजून उरतो. एक नायक मध्यभागी ठेवला की बाकीचे त्याच्या कथेतली साधनं होतात. अरबांचा उठाव गोऱ्या माणसाच्या आत्मशोधाची पार्श्वभूमी होतो, आणि पावणेचार तासांच्या आसपासच्या या चित्रपटात एकाही बाईच्या तोंडी वाक्य नाही. याला उत्तर आहे, पण अपुरं. नायकाची भव्यता फोडून दाखवताना चित्रपट साम्राज्याचाही खोटेपणा उघडा करतो. अरबांना स्वातंत्र्याचं वचन देत असतानाच ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९१६च्या साइक्स-पिको कराराने तो प्रदेश आपसात वाटून घेतला होता, हे इथे लपवलेलं नाही. पण अकाब्याचंच पाहा. निर्णायक लढाई झाली ती बंदरापासून दूर अबा अल-लिसान इथे, २ जुलै १९१७ रोजी. तिच्यात औदाच्या माणसांनी बाजी मारली, आणि लॉरेन्सने ऐन धावपळीत आपल्याच उंटाच्या डोक्यात गोळी घातली, असं तो स्वतःच लिहितो. पडद्यावर मात्र समुद्राला भिडणारी ती दौड उरते आणि विजयाचा मानकरी एकच. यापुढची खोट जास्त गंभीर आहे. दमास्कस घेतल्यावर अरबांची सभा भांडत बसते, वीज जाते, इस्पितळात जखमी तडफडतात आणि टोळ्या वाळवंटात परततात, असं चित्रपट दाखवतो. पाहणाऱ्याची समजूत अशी होते की राज्य चालवणं यांना जमलंच नाही. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९१८पासून तिथे अरबांचं प्रशासन उभं राहिलं, मार्च १९२०मध्ये सिरियन काँग्रेसने फैसलला राजा घोषित केलं, आणि त्याच वर्षी २४ जुलैला मैसलूनच्या लढाईत फ्रेंच सैन्याने ते मोडून काढलं. नायकाच्या हाती काहीच उरू नये, ही कथेची गरज होती. ती भागवण्यासाठी पटकथेने एका देशाची जवळपास बावीस महिन्यांची धडपड थोडक्या वेळच्या भांडणात बुडवली. कासिमच्या बाबतीत घेतलेल्या मोकळिकीशी हिची बरोबरी होऊ शकत नाही. तिथे दोष नायकाच्याच पदरात पडतो, इथे तो ज्यांचं राज्य तोफांनी घेतलं त्यांच्याच माथी मारला गेला आहे.