सामना, सहभोजन आणि संसर्ग

दि. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत-पाकिस्तान टी-२० विश्वचषक सामना झाला. कोविडची साथ ओसरत होती, संपली नव्हती. त्या आठवड्यात काही रुग्णांनी आम्हांस विचारले, "वैद्यराज, मित्रमंडळी घरी जमणार, कोणता काढा घ्यावा?"

काढ्याआधी निदानाचा विचार हवा. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात औपसर्गिक रोगांच्या संक्रमणाची कारणे सांगितली आहेत. गात्रसंस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शय्या व आसन ही त्यांतील प्रमुख होत. बंद खोलीत दाटीने बसून आरोळ्या देणारी व एकाच ताटलीतील भजी खाणारी मंडळी हे त्याचे मूर्तिमंत उदाहरण होय. आरोळीसरशी निःश्वासातील सूक्ष्म कण अधिक प्रमाणात बाहेर पडतात व कोंदट हवेत साचतात.

म्हणून निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा. ज्वर वा कास असणाऱ्याने जाऊ नये. लसीकरण पूर्ण, संख्या मोजकी, खिडक्या उघड्या, मुखपट्टी नाकावर व ताटे पृथक् असावीत. ज्या घरी वृद्ध वा मधुमेही आहेत, तेथे मंडळी जमवूच नयेत. काढा या नियमांची जागा घेऊ शकत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगणे आम्ही वैद्यांचे कर्तव्य मानतो. पुढील साथीतही ते टळणार नाही.