जकार्ता १९६२ : जिगरीच्या कथेत झाकला गेलेला विचार

४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ताच्या सेनायान स्टेडियमवर भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई खेळांतील फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. हा विजय आपल्याकडे बहुधा जिगरीची कथा म्हणून सांगितला जातो. तशी सामग्रीही आहे. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा नाकारला, तेव्हा भारताचे क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधी यांनी अशा स्पर्धेला आशियाई खेळ म्हणवून घेण्याचा अधिकार नाही, अशी भूमिका घेतली. त्यावरून शहर खवळले, भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला आणि अंतिम सामन्यात प्रचंड गर्दी आपल्या संघाची हुर्यो उडवत राहिली. पाठिंबा मिळाला तो प्रेक्षकांत बसलेल्या पाकिस्तानच्या हॉकीपटूंचा. हे सारे खरेच आहे. पण त्याच्या भाराखाली प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा विचार झाकला जातो, आणि माझ्या मते सुवर्णपदक त्या विचाराचे आहे.

पुरावा सामन्यांतच आहे. याच कोरियाने पहिल्या लढतीत भारताला २-० असे नमवले होते. पुढे थायलंडला ४-१ हरवताना बचावाचा कणा असलेल्या जर्नैल सिंगचे डोके फुटले, टाके पडले. असा खेळाडू बचावात ठेवणे धोक्याचे होते आणि बसवून ठेवणे परवडणारे नव्हते. रहीम यांनी त्याला उपांत्य सामन्यात थेट सेंटर फॉरवर्ड केले आणि बचावाचा मध्य अरुण घोषकडे दिला. जर्नैलने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला, भारत ३-२ ने जिंकला. अंतिम सामन्यासाठी त्यांनी उपांत्य सामन्यातल्या बर्मनऐवजी नुकताच तापातून उठलेला उंचापुरा थंगराज गोलमध्ये उभा केला. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, विसाव्या मिनिटाला जर्नैल. कोरियाचा गोल झाला तो अगदी शेवटी. तीन दिवस आधीपर्यंत बचावपटू म्हणून ओळखला जाणारा माणूस अंतिम सामन्यात गोल करतो, याला नुसती हिंमत म्हणणे अन्यायाचे आहे. मुंबईकरांना ही बुद्धी नवी नव्हती; रहीम यांच्या हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक नेला होता. जकार्ताच्या मधल्या फळीतला फॉर्च्युनॅटो फ्रँको हा गोव्याचा मुलगाही मुंबईत टाटांच्या संघाकडूनच खेळत होता.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. १९५४ आणि १९५८ चे विजेते तैवान आणि तगडा इस्रायल नसताना जिंकलेल्या सुवर्णाचे मोल किती? स्पर्धा अपुरी होती, हे मान्यच करायला हवे. सोंधींचे म्हणणे तरी दुसरे काय होते? मात्र अंतिम सामन्यात समोर होता तो १९५६ आणि १९६० असा दोनदा आशिया चषक जिंकलेला संघ. अशा संघाकडून हरून त्याच स्पर्धेत त्यालाच हरवणे, हे मैदान मोकळे मिळाल्याचे लक्षण नव्हे. दुसरा आक्षेप असा की, यश इतके एका माणसाचे असते तर ११ जून १९६३ ला कर्करोगाने रहीम गेल्याबरोबर सारे कोसळले असते. पण भारत १९६४ च्या आशिया चषकात दुसरा आला, १९७० मध्ये बँकॉकला कांस्य मिळाले. बरोबर आहे. पण ही रहीम यांच्या काळात घडलेल्या खेळाडूंची आणि शिष्यांची पुण्याई होती. १९६० च्या रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला पोहोचलेला नाही.

जकार्तात भारताने ज्या जपानला २-० हरवले, त्याने डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाचा सल्ला देशाच्या व्यवस्थेत मुरवला, १९६५ मध्ये राष्ट्रीय लीग उभी केली आणि १९६८ ला मेक्सिकोत ऑलिंपिक कांस्य मिळवले. आपल्या राष्ट्रीय लीगला १९९६ उजाडले. रहीम यांची पद्धत शिकवणारी, नवे प्रशिक्षक घडवणारी भक्कम व्यवस्था भारतीय फुटबॉल संघटनेने त्या चौतीस वर्षांत उभारली नाही, आणि जकार्ताची चर्चा जर्नैलच्या टाक्यांपाशीच अडकून राहिली.