कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि कॉलेजातली मुलं-मुली



नांदेड असो की लातूर, कॉलेजात या विषयावर बोलायला गेलं की मी आधी एकच विचारते : घरात बाईला त्रास होत असेल तर तिनं कुठं जायचं? मागच्या बाकावरून उत्तर येतं, "पोलिसात. ४९८ लावायचं." कुणीतरी म्हणतं, "विशाखा समितीकडे." तिसरं उत्तर सहसा येत नाही.

आता समितीचं बघा. कॉलेजच्या फलकावर जिच्या सदस्यांची नावं असतात, ती अंतर्गत तक्रार समिती कॉलेजातल्या लैंगिक छळासाठी आहे. घरात काय चाललंय ते तिच्या कक्षेत येत नाही. आणि ४९८-अ हे दंड संहितेत १९८३ साली आलेलं कलम. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमं आहेत. हा फौजदारी गुन्हा, नवरा आणि त्याच्या नातेवाइकांविरुद्धचा. त्यातून शिक्षा होऊ शकते. पण बऱ्याच बायकांना त्या घडीला हवं असतं ते वेगळंच : मार थांबावा, घरातून कुणी बाहेर काढू नये, लेकरांच्या खर्चाला पैसे मिळावेत. नवऱ्याला जेलात घालायचं म्हटलं की पाय मागं येतात, आणि मग ती गप्पच बसते.

तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. यात अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करायचा. मारहाण करू नका, तिला राहत्या घरातून काढू नका, खर्च द्या, मुलं तात्पुरती आईकडे ठेवा, असे आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत लागावी आणि निकाल ६० दिवसांत लागावा असा प्रयत्न करायचा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे वकिलांना विचारलं तर तेही सांगतील. पण संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा होतो. १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की ती संसार करत राहिली ते घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं, तरी तिथं राहण्याचा हक्क ती मागू शकते.

आता जे खास तुमच्यासाठी. हा कायदा फक्त बायकोचा आहे, असं बहुतेकांना वाटतं. तो आई, बहीण, मुलगी यांचाही आहे. एका घरात राहणाऱ्या रक्ताच्या नात्यालाही लागू होतो. कायद्याच्या २००६ च्या नियमांत फॉर्म क्रमांक १ आहे, घटनेचा अहवाल. तो एकदा वाचाच. त्यात मारहाणीबरोबर बरंच काही आहे : चारित्र्यावर संशय, हुंड्यावरून टोमणे, मुलगा झाला नाही म्हणून अपमान, नोकरी करू न देणं. आणि शाळा-कॉलेजला जाऊ न देणं. नको असताना लग्नाची जबरदस्ती करणं. बारावी झाली, स्थळ आलं, आता शिकवणी बंद, कॉलेज बंद. आपल्याकडं याला कुणी हिंसा म्हणत नाही. फॉर्ममध्ये त्याच्यासमोर खूण करायला जागा आहे.

मुलं इथं हटकून विचारतात, "मॅडम, आम्हाला काहीच नाही का?" अर्जदार बाईच असते, खरं आहे. पण घरात आई मार खाते आणि मुलगा कानात हेडफोन घालून बसतो, हेही खरं आहे. कलम ४ नुसार हिंसा घडलीय, घडतेय किंवा घडेल असं ज्याला वाटतं, तो कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. प्रामाणिकपणे माहिती दिली तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. मात्र मैत्रिणीबद्दल कळवायचं असेल तर आधी तिला विचारा. घरी कुणाला कळलं तर धोका तिलाच असतो.

नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडं मागायची, ही म्हण आपल्या आज्यांनी ऐकवलेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी देशभरात फक्त १४ टक्क्यांनी मदत मागितली होती.

तर दाद कुणाकडं? संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. जिल्ह्याच्या कार्यालयात चौकशी करा. अहवाल ते भरून घेतात. 'सखी' वन स्टॉप सेंटरवर तात्पुरता निवारा, समुपदेशन, वैद्यकीय मदत, सगळं एका जागी मिळावं अशी ती योजना आहे. फोन १८१. जीवावर आलं असेल तर ११२. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. उत्पन्न कितीही असो, बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

आणि मुखेडची लेक पुण्याला दिली असेल, ती मार खाऊन माहेरी आली असेल, तर तिला तारखांसाठी पुण्याला जायची गरज नाही. ती सध्या जिथं राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. कलम २७. हे लिहून घ्या. आपल्या भागात याचीच चौकशी जास्त होते.