भाव कशाचा?

इंदूरच्या मल्हारगंजातील बडा गणपती आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. नारायण दाधीच यांनी उभारलेली ही सुमारे २५ फूट उंचीची मूर्ती १९०१ साली पूर्ण झाली. वर्षातून चार वेळा तिला शेंदराचा नवा चोळा चढतो आणि त्यासाठी सवा मण तूप व शेंदूर लागतो, असे येथे सांगतात. परवा आमच्या बैठकीत कोणीतरी सहज विचारले, सवा मण म्हणजे नेमके किती? तिघांनी तीन उत्तरे दिली. एकाने ४० शेरांचा सरकारी मण धरून ४६ किलो ६५५ ग्रॅम सांगितले. दुसऱ्यांच्या मते हल्ली मण ४० किलोंचाच मानतात, तेव्हा ५० किलो. तिसरे गृहस्थ मूळचे मुंबईचे. त्यांनी २८ पौंडांचा जुना मुंबई मण काढला, आणि सवा मणाचे जेमतेम १६ किलो झाले! गणपतीचे यात काही अडत नाही. मूर्तीला लागेल तितका शेंदूर लागतोच. अडते ते विकणाऱ्याचे.

या चौकापासून हाकेच्या अंतरावर आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब राहते. सासूबाईंनी स्वयंपाकघरात सुरू केलेला भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चकली, अनारसे आणि साजूक तूप यांचा उद्योग आता सूनबाई चालवितात. पुण्याबंगळुराकडे गेलेल्या इंदुरी मुलांना हा जिन्नस घरपोच हवा, म्हणून इंटरनेटवर दुकान मांडले. प्रारंभी भाव हाताने भरले जात. एका दिवाळीच्या तोंडावर भाच्याने अशी सोय करून दिली की घरच्या संगणकातील वहीत भाव बदलला, की तो रात्रीतून आपोआप त्या दुकानात जावा.

भाव गेला; परिमाण मागे राहिले. भाजणीपुढे सासूबाईंच्या जुन्या वहीतून उतरविलेला ६० हा आकडा होता, तो पाव किलोचा. दारावर येणारी बाई पावच मागते, मग वहीत दुसरे काय असणार! इंटरनेटच्या दुकानात मात्र भाजणी किलोच्या पिशवीत होती. २४० रुपयांची पिशवी रातोरात ६० रुपयांना झाली आणि सकाळी पाहतात तो ४३ पिशव्यांची मागणी आलेली. मागणी रद्द करावी, असे भाच्याचे मत पडले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “भाव आपण लिहिला, माल आपणच द्यायचा.” त्या दिवाळीत भाजणीवर ७,७४० रुपयांचा खड्डा पडला. घरगुती उद्योगाला ही रक्कम लहान नव्हे.

परंतु आम्हांस याहून बोधप्रद वाटली ती उलट दिशेची चूक. गोड्या मसाल्याचा किलोचा ८०० रुपये भाव १०० ग्रॅमच्या पाकिटावर महिनाभर बसला होता आणि कोणी चकार शब्द काढला नाही. भाव कमी लागला तर गिऱ्हाईक धावून येते. जास्त लागला तर मुकाट्याने निघून जाते. चकलीचे निराळेच. घरात १२ किलो, म्हणजे पाव किलोची ४८ पाकिटे. दुकानात मात्र १२ पाकिटे दिसत, आणि ती संपताच ‘माल शिल्लक नाही’ अशी पाटी लागे.

पुढे त्यांनी सारी वही नव्याने मांडली. प्रत्येक जिनसाचे एकच मूळ परिमाण ठरविले. कोरडे पदार्थ आणि तूप किलोवर, अनारसे नगावर. प्रत्येक पाकिटाला स्वतंत्र खूण दिली आणि तिच्यापुढे त्यात मूळ परिमाणाचा किती भाग मावतो, ते लिहिले: पाव किलोस ०.२५, शंभर ग्रॅमला ०.१. भाव बदलायचा तो मूळ ठिकाणीच. गुणाकार यंत्राने करावा, वेष्टनाचा खर्च त्यानंतर मिळवावा, आणि पैसे पूर्णांकात आणावयाचे ते अगदी शेवटी. ५६५ रुपये किलोच्या मालाचा ग्रॅमचा भाव ०.५६५, तो आधीच ०.५७ केला, तर अर्ध्या किलोचे २८२.५० ऐवजी २८५ होतात.

तुपाने अधिक छळले. त्यांच्या बरण्या मिलिलिटरच्या, आणि तूप पाण्याहून हलके. लिटरभर तूप साधारण ९१० ग्रॅम भरते. ९०० रुपये किलोने अर्ध्या किलोचे ४५० होतात, पण ५०० मिलिलिटरच्या बरणीचे सुमारे ४१०. अशी गफलत मोठमोठ्यांच्या हातूनही होते. जुलै १९८३ मध्ये कॅनडात एका बोइंग विमानात इंधन भरताना लिटरचे किलो करावयाच्या ठिकाणी पौंडांचा गुणक वापरला गेला. निम्म्याहून कमी इंधनावर निघालेले ते विमान आकाशातच कोरडे पडले. वैमानिकाच्या कौशल्याने ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरले आणि आतील ६९ जण वाचले.

आमच्या वाडवडिलांना हा घोळ परिचित होता. वजनाचा शेर वेगळा, मापाचा वेगळा. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि गावोगावी त्यांत फरक. १९५६ च्या कायद्याने किलो आणला खरा, पण बोलण्यातला पाव गेला नाही. २०२१ साली वेष्टित मालाच्या नियमांत झालेली दुरुस्ती या दृष्टीने आम्हांस फार शहाणपणाची वाटते. किलोहून कमी मालावर दर ग्रॅमचा भाव आणि किलोहून अधिक मालावर दर किलोचा भाव छापावा, असे ती सांगते. भाजणीच्या त्या रात्री हा आकडा कोणी पाहिला असता, तर ६० रुपयांच्या पिशवीचा ग्रॅम ६ पैशांना पडतो, हे तत्काळ डोळ्यांत आले असते. सूनबाई आता दुकानाकडे भाव पाठविण्याआधी हा स्तंभ वाचतात, आणि कालच्यापेक्षा दुप्पट किंवा निमपट झालेला भाव यंत्र त्यांना विचारल्यावाचून पुढे नेत नाही.

सासूबाईंच्या जुन्या वहीतही बदल झाला आहे. प्रत्येक आकड्यापुढे आता त्यांच्या मोडक्या, ठसठशीत अक्षरात ‘किलोस’ किंवा ‘नगास’ असे लिहिलेले असते. दारावर आलेल्या बाईला मात्र त्या अजून विचारतात, “किती पाव देऊ?”